शेवंतीला रात्र कळते

वीतभर उंचीच्या शेवंतीच्या शेंड्यात कळी दिसली, की बघायला आलेले पाहुणे हरखून जातात. फुलासाठीच तर लावलीय, मग लवकर आली तर बिघडलं कुठे, असं त्यांना वाटतं. शेवंती करणाऱ्याच्या मात्र पोटात गोळा येतो. शेंड्यात कळी धरली म्हणजे त्या शेंड्याची वाढ तिथेच थांबली. आता नवीन पान नाही, उंची नाही, फुटव्यांना वेळ नाही. ज्या झाडाने गुडघ्यापर्यंत येऊन डेरेदार व्हायचं, ते घोट्याजवळ चार फुलं देऊन संपतं. तोडणीला बाई लावावी तर तिची मजुरीसुद्धा निघत नाही.

हे दुखणं हल्ली फार ऐकू येतं, आणि त्याचं खापर कशाकशावर फुटतं ते ऐकून मला खरोखर वाईट वाटतं. खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, माती भारी आहे, वाण बोगस निघालं. मग दुकानातून कसलं तरी टॉनिक येतं, युरियाची जादा मात्रा जाते, आणि कळी काही माघारी जात नाही. माझं शिक्षण वनस्पतिशास्त्रातलं, आणि माहेरी पुरंदर तालुक्यात दादा-वहिनी शेवंती करतात. पुस्तक आणि वाफा या दोन्हींशी संबंध राहिला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. या अवेळी कळीचं कारण बहुतेक वेळा मातीत नसतंच. ते रात्रीत असतं.

नर्सरीतून येणारं रोप म्हणजे मातृरोपाचा खुडलेला शेंडा. बोटभर लांबीचा तुकडा, बुडाला मुळ्या फुटायची पावडर लावून कोकोपीटच्या ट्रेमध्ये खोचलेला. बियाण्याचा इथे संबंध नाही. ट्रेमधली सगळी रोपं एकाच झाडाचा पुढचा भाग असतात. चांगल्या नर्सरीत मातृरोपांवरही रात्री दिवे लागतात आणि ट्रेवरही. म्हणजे या तुकड्याने जन्मल्यापासून सलग लांब अंधार पाहिलेलाच नसतो. पंधरा-वीस दिवसांत मुळ्या सुटल्या, की ट्रे टेम्पोत चढतात आणि दुसऱ्या दिवशी रोपं उघड्या रानात गादीवाफ्यावर. ऑगस्टच्या मध्याला आपल्याकडे दिवस जेमतेम पावणेतेरा तासांचा असतो. त्या रात्री रोपाला आयुष्यात पहिल्यांदाच दहा-अकरा तासांचा सलग अंधार मिळतो, दुसऱ्या रात्री पुन्हा तेवढाच. रोपाच्या हिशेबी हिवाळा आला. फुलून मोकळं व्हायला हवं.

शेवंतीसाठी ढोबळ आकडा असा सांगतात, की दिवस साडेतेरा तासांहून लहान झाला की कळी धरून ती पुढे वाढू लागते. आता पुण्याचा हिशेब बघा. २१ जूनला, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, इथे सूर्य साधारण सव्वातेरा तास वर असतो. डिसेंबरात अकरा तास. पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश जमेला धरला, तर जूनमध्ये कसाबसा उंबरठा ओलांडला जातो, आणि जुलै सरता सरता आपण पुन्हा अलीकडे येतो. ॲमस्टरडॅमला तोच जूनमधला दिवस पावणेसतरा तासांच्या पुढे जातो. तिकडच्या पॉलिहाऊससाठी निवडलेले वाण आपल्या आभाळाखाली आणले, तर त्यांना वाढीचा ऋतू मिळणार कुठून? आपल्या आभाळात तो नाहीच. तो दिवे लावून द्यावा लागतो. शेवंतीच्या प्रत्येक माहितीपत्रकावर हे पहिल्या ओळीत छापायला हवं, असं मला वाटतं.

आपल्या जुन्या माणसांना हे दिव्याशिवाय जमत होतं, कारण त्यांनी पिकाची तारीख पाळली होती. झिपरी, राजा, रेवडी या जुन्या शेवंत्यांच्या काश्या, म्हणजे बुडातून फुटलेले कोंब, उन्हाळ्यात लावायच्या. जून-जुलैच्या मोठ्या दिवसांत त्या अंग धरायच्या आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला बहरायच्या. मालदांडी ज्वारी हस्त नक्षत्राच्या आगेमागे पेरायची, हे सोलापूरकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तीच ज्वारी जूनमध्ये पेरली तर नुसती उंच वाढत राहते. कोकणातला गरवा भात आठ दिवस उशिरा लावला तरी निसवायचा तेव्हाच निसवतो. ही सगळी पिकं रात्रीची लांबी ओळखणारी. नक्षत्रांच्या पंचांगात ती लांबी आपोआप बांधलेली होती.

बाजाराला मात्र फूल बारा महिने हवं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी हवं, फेब्रुवारीच्या लग्नांना हवं, उन्हाळ्यात पुण्याच्या गुलटेकडी बाजारात आवक आटते तेव्हा तर हवंच हवं. म्हणजे लागवड ऑगस्टात, ऑक्टोबरात, डिसेंबरातही होणार. त्याला माझी हरकत नाही. शेतकऱ्याने चार पैसे मिळतात तेव्हाच फूल आणावं. पण पंचांगाबाहेर जायचं तर पंचांग जे काम करत होतं ते आपल्याला हाताने करावं लागेल.

या सगळ्याचा शोध ज्या झाडावरून सुरू झाला, ते होतं भांगेचं झाड. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्न्वा नावाचा तरुण संशोधक हॉप आणि भांग या एकमेकांच्या नात्यातल्या वनस्पतींवर काम करत होता. थंडीत काचघरात पेरलेली रोपं अगदी लहान असतानाच फुलतात, हे त्याच्या ध्यानात आलं. १९१२ मध्ये त्याने ते मांडलं, आणि १९१४ मध्ये आणखी पुढे जाऊन लिहिलं, की दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबण्याचा यात हात असावा. नंतर पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. त्याचं नाव आपल्या अभ्यासक्रमात येत नाही याची मला मनापासून खंत आहे, कारण तो उत्तराच्या अगदी दाराशी पोचला होता. १९२० मध्ये अमेरिकेतल्या गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग छापले आणि श्रेय त्यांच्याकडे गेलं. त्यांची ती तंबाखूची जात उन्हाळ्यात नुसती माडासारखी वाढायची, फुलायचं नावच नाही. दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवली की फुलायची. रात्रीचं महत्त्व पक्कं ठरलं ते १९३८ मध्ये. हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियमवर, म्हणजे आपल्याकडे कपड्यांना चिकटतात त्या काटेरी फळांच्या तणावर, प्रयोग केला. दिवसाच्या मध्ये अंधार घातला तर फरक पडला नाही. रात्रीच्या मध्ये थोडासा उजेड दाखवला तर झाड फुललं नाही. तुर्न्वाचं म्हणणं खरं ठरलं.

भांगेच्या रोपांचा हाच प्रश्न आज कॅनडात घरोघरी येतो. तिथे ऑक्टोबर २०१८ पासून कायद्याने तिला मोकळीक आहे आणि देशाच्या कायद्यात घरटी चार झाडांची परवानगी आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय ती लावणं गुन्हा आहे.) लोक घरात १८ तास दिव्याखाली कलमं वाढवतात आणि थंडी ओसरली की मे महिन्यात अंगणात नेतात. टोरांटोत मेच्या सुरुवातीला दिवस चौदा तासांच्या थोडा पुढे असतो. सहा तासांच्या रात्रीची सवय असलेलं रोप पावणेदहा तासांच्या रात्रीत जाऊन पडतं आणि कळ्यांवर येतं. तिथले जाणते लोक एक तर घरातला दिवा थोडा थोडा कमी करत बाहेरच्या दिवसाशी जुळवून घेतात, नाही तर जूनपर्यंत थांबतात, नाही तर बाहेर नेल्यावरही काही आठवडे रात्री मध्येच उजेड दाखवतात. पण तिथे निसर्ग एक सवलत देतो. मेनंतर दिवस वाढतच जातो, साडेपंधरा तासांपर्यंत, त्यामुळे फुलायला निघालेलं झाड वेडीवाकडी पानं काढत का होईना, पुन्हा वाढीला लागतं. आपली लागवड ऑगस्टातली. पुढे रात्री वाढतच जाणार. आपल्या शेवंतीला आपोआप माघारी फिरण्याची वाट नाही, आणि म्हणून आपल्याला जास्त जपावं लागतं.

रात्र ओळखतो कोण? शेंडा नाही, पान ओळखतं. रशियातल्या चायलाख्यानने १९३०च्या दशकात हे चक्क शेवंतीवरच दाखवलं. वरची पानं काढून टाकली, खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि उघड्या शेंड्याला मोठा दिवस. शेंडा फुलला. उलट केलं तर फुलला नाही. म्हणजे पानाला कळतं आणि निरोप शेंड्याकडे जातो. हा निरोप एका प्रथिनाच्या रूपात जातो हे २००७ च्या सुमाराला सिद्ध झालं. शेतकऱ्याला यातून घ्यायचं ते इतकंच, की दिव्याचा उजेड पानावर पडला पाहिजे. दाटीत सावलीत राहिलेली खालची पानं अंधारच मोजत राहतात.

वहिनीकडे हे एकदा भिंगाखाली दाखवायचा योग आला. रानात कुठेही कळी दिसत नव्हती, तरी तिला काही रोपांचा शेंडा चपटा वाटत होता. तिचा हात या पिकात इतका बसलाय, की तिचं वाटणं मी हलक्यात घेत नाही. ओट्यावर पांढऱ्या बशीत शेंडा ठेवला आणि शिवणकामाच्या सुईने कोवळी पानं एकेक करून सोलत गेले. निरोगी वाढीच्या शेंड्यात सगळ्यांत आत एक इवलासा गुळगुळीत घुमट असतो आणि त्याच्या कडेने पुढच्या पानांचे ठिपके. या शेंड्यातला घुमट पसरला होता, वरून सपाट झाला होता, आणि त्याच्या काठाने बारीक बारीक खवल्यांची कड उमटली होती. पुढे ज्यांच्यात पाकळ्या भरणार ती फुलकं काठाकडून मध्याकडे याच सपाट जागेवर मांडली जातात. वहिनी भिंगातून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, म्हणजे आपल्याला दिसेपर्यंत हिचं ठरलेलं असतं."

अगदी तसंच. नजरेला कळी दिसते तेव्हा निर्णय होऊन दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. म्हणून आपण दोष नेहमी चुकीच्या आठवड्याला देतो. परवा फवारलेलं औषध, काल सोडलेलं खत. खरी गोष्ट घडते ती लागवडीनंतरच्या पहिल्या काही रात्रींत.

तेव्हा दिव्यांची तयारी लागवडीच्या आधी पुरी झालेली हवी. खांब, वायर, होल्डर, टायमर. आधी रोपं लावून घेऊ, दिवे आठवड्याने बघू, असं केलं तर तोच आठवडा नडतो. उजेड फार लागत नाही. पानाच्या उंचीवर शंभर लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास असला तरी पुरतो. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, ते घेऊन रात्री वाफ्यातून एक चक्कर मारावी. दोन दिव्यांच्या मध्ये आणि प्लॉटच्या कोपऱ्यांत उजेड पडत नाही, आणि पुढे नेमक्या त्याच जागांवर घोट्याएवढ्या फुलांचे पट्टे दिसतात. पौर्णिमेचं चांदणं चालेल का, असं मला कुणी कुणी विचारतं. नाही चालणार. भर पौर्णिमेचा उजेड एका लक्सलाही पोचत नाही.

दिवे किती वाजता लावायचे, यावर घोळ होतो. समजा डिसेंबर आहे, अंधार संध्याकाळी सहाला पडतो आणि सकाळी सातला फिटतो. तेरा तासांची रात्र. चार तास वीज जाळायची आहे. सहा ते दहा लावलीत, तर उरलेली रात्र दहा ते सात, सलग नऊ तास, म्हणजे अगदी काठावर. तेच चार तास रात्री दहा ते दोन लावलेत, तर रात्रीचे दोन तुकडे पडतात, एक चार तासांचा आणि एक पाचाचा. यातला एकही रोपाला रात्र म्हणून पुरत नाही. वीज तेवढीच, काम दुप्पट. सलग न लावता दर अर्ध्या तासात दहा मिनिटं, असं टायमरवर लावलं तरी बहुतेक वाणांना चालतं, आणि बिल हलकं होतं.

बिल हलकं होईल, पण वीज असायला तर हवी. शेतीची वीज पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. ज्या आठवड्यात ती दिवसा येते, त्या आठवड्यात शेवंतीच्या सगळ्या रात्री अखंड जातात. संवेदनशील वाणाचा शेंडा तेवढ्यात वळायला लागतो. ओळीने एवढ्या रात्री गेल्या, की पुढचे दिवे त्या शेंड्याला उपयोगाचे नाहीत. दादाने म्हणून एलईडीची माळ बॅटरीवर घेतली आणि बॅटरी दिवसा सोलरवर भरते. खर्च झाला, पण शेवंतीत दिव्याचा खर्च हा खताइतकाच लागवडीचा खर्च धरायला हवा, हे त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

रोपं उघड्यावर नेण्याआधी ती कणखर करायला शेडनेटखाली ठेवतात. तिथे उन्हाची, वाऱ्याची सवय होते, पण त्या रात्रींचं काय? ट्रे दिव्याखालून निघून अंधाऱ्या शेडनेटमध्ये आठवडाभर राहिले तर कळीची सुरुवात तिथेच होते. पॉलिहाऊस, शेडनेट, रान, या तिन्ही ठिकाणी रात्र मोडलेलीच राहिली पाहिजे. आणि ट्रेमध्ये रोप अडकवून ठेवू नये. मुळ्या कपात गोल गोल फिरल्या, पाणी तुटलं, की वाढ अडते, आणि अडलेल्या रोपाला चार नवी पानं यायलाच बरेच दिवस जातात.

शेजारच्या अण्णांचा सोयाबीन हा या गोष्टीचा सगळ्यांत बोलका पुरावा. बांधापलीकडे त्यांचं सोयाबीन, अलीकडे दादाचे जुलैअखेर लावलेले दिवे. सगळं रान पिवळं पडून काढणीला आलं, तरी बांधालगतच्या काही ओळी हिरव्यागार उभ्या. अण्णांना वाटलं, इकडचं खत ठिबकातून पाझरून तिकडे जातंय. ते दादाकडे आले तेव्हा रागातच होते, आणि त्यांचा राग रास्त होता. हार्वेस्टर बोलावला तर त्या ओळी ओल्या, नाही काढाव्यात तर बाकीच्याच्या शेंगा तडकतात. सोयाबीनही रात्र मोजणारं पीक. दिव्यांनी त्याचीही रात्र मोडली होती. दादाने अण्णांना रात्री बांधावर नेलं आणि उजेड कुठवर पडतो ते दाखवलं. हिरव्या ओळी जिथे संपत होत्या, साधारण तिथेच उजेड विरत होता. पुढच्या हंगामात दिव्यांना बांधाच्या बाजूने पत्र्याची आडोशी लावली, त्या ओळींचं नुकसान दादाने भरून दिलं, आणि विषय मिटला. दिवे लावणाऱ्याने आपला उजेड आपल्या रानात ठेवावा. शेजाऱ्याच्या पिकाचा तो हक्क आहे.

उलटही घडतं. दिवे बंद करायची वेळ आली, झाडं हवी तेवढी झाली, शेंडा खुडून फुटलेल्या फांद्या वीत-सव्वा वीत वाढल्या, आणि तरी रस्त्याकडेची एक ओळ फुलतच नाही. वर बघावं तर पथदिवा. सोसायटीतल्या कुंडीतल्या शेवंतीचंही बऱ्याचदा हेच असतं. कुंडी दोन पावलं अंधारात सरकवली की पुरे.

दिवे कधी थांबवायचे, हे बाजाराच्या तारखेवरून मागे मोजत ठरतं. बऱ्याच वाणांना दिवे बंद केल्यापासून फूल उमलायला आठ ते दहा आठवडे लागतात. वाण बदललं की हा काळ बदलतो, म्हणून वहिनी प्रत्येक वाणाची तारीख वहीत वेगळी लिहिते. एकदा दिवे बंद केले, की मग मध्येच लावायचे नाहीत. पंप चालू करायला गेलेल्या माणसाने हॅलोजन तासभर चालू ठेवला तरी जवळची झाडं गोंधळतात.

आणि कळी आधीच धरली असेल तर? लवकर लक्षात आलं तर सगळं हातचं जात नाही. नुसती कळी खुडून भागत नाही, कारण तिच्या लगतच्या पानांच्या बगलेतले डोळेही बहुतेक फुलाच्या वाटेला लागलेले असतात. आणखी खाली, निरोगी रुंद पानांपर्यंत जाऊन खुडावं लागतं, आणि त्याच रात्रीपासून दिवे. खालून येणारे फुटवे मग पानांचे येतात. तीन आठवडे जातात, फुलांची तारीख पुढे ढकलली जाते, पण प्लॉट वाचतो. युरियाची गोणी रिकामी करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

एक गोष्ट मात्र रानात कितीही दिवे लावून सुधारत नाही, ती म्हणजे म्हातारं मातृरोप. शेवंती मोठ्या दिवसातही कायम पानांवर राहत नाही. ठरावीक पानं झाली की ती आपसूक कळीकडे वळते. चार-पाच महिने त्याच झाडाचे शेंडे खुडत राहिलं, की त्या शेंड्यांमध्ये हे वय उतरतं, आणि ट्रेमधलं रोप वरून कोवळं दिसलं तरी आतून फुलायला तयार असतं. दादा आता रोपं ठरवताना भाव नंतर विचारतो. मातृरोपं किती महिन्यांची आहेत आणि त्यांच्यावर रात्री किती वाजता दिवा लागतो, हे आधी. याचं उत्तर ज्या नर्सरीला देता येत नाही, तिथून रोपं उचलू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.